कोनशिलेनंतरचे पाणी

महाराष्ट्रातील कोणत्याही नगरपालिकेच्या गावी जाऊन तेथील उंच टाकीच्या पायथ्याशी क्षणभर उभे राहिले, म्हणजे संगमरवरावर कोरलेली एक कोनशिला हटकून नजरेस पडते. ज्यांच्या शुभहस्ते समारंभ झाला त्यांचे नाव तीवर असते, अध्यक्षस्थानी कोण होते ते असते, नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि सभापती उतरत्या अक्षरांत असतात, आणि क्वचित योजनेला किती रुपये पडले हेही लिहिलेले असते. हा खर्च योजनेच्या जन्माचा. ती योजना पुढे तीस-चाळीस वर्षे जगवायला, म्हणजे पंप फिरते ठेवायला, गंजलेले नळ बदलायला, तुरटी आणि क्लोरीन विकत घ्यायला आणि रात्री-अपरात्री चाव्या फिरवणाऱ्या माणसांचे पगार द्यायला किती लागले, हा आकडा दगडावर असावा असे कोणी म्हणणार नाही. पण तो पालिकेच्या दप्तरातही एका ठिकाणी सापडत नाही, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे. वीजबिल एका सदरात, दुरुस्ती दुसऱ्या, पगार आस्थापनेच्या खात्यात, कर्जाचे हप्ते तिसऱ्याच वहीत, आणि घसारा बहुधा कोठेच नाही, अशी त्याची वाटणी झालेली असते. आपल्या शहरांच्या पाण्याविषयी जे पुष्कळ बोलले जाते त्यात टंचाई असते, राजकारण असते, धरणांच्या टक्केवाऱ्या असतात; हा आजन्म जमाखर्च मात्र क्वचितच असतो, आणि माझ्या मते बहुतेक दुखण्यांचे मूळ तेथे आहे.

‘जीवनचक्र खर्च’ असा शब्द हल्ली अहवालांतून रूढ झाला आहे. ‘आजन्म खर्च’ म्हटले तर आपल्या कानाला ते अधिक लवकर कळते. कल्पना साधी आहे: एखाद्या वस्तूची किंमत म्हणजे ती विकत घेताना मोजलेले पैसे नव्हेत, तर ती घेतल्यापासून मोडीत काढीपर्यंत तिच्यापायी जे जे जाते त्याची बेरीज. 2008 ते 2013 या काळात नेदरलँड्समधील आय.आर.सी. या संस्थेने आंध्र प्रदेश, घाना, बुर्किना फासो आणि मोझांबिक येथील ग्रामीण व निमशहरी योजनांचा याच दृष्टीने अभ्यास केला, तेव्हा तिने बांधकामाचा खर्च आणि रोजचा चालू खर्च यांच्या मधोमध एक तिसरे सदर मुद्दाम उघडले. पंप जळाला, टाकीचा गिलावा निखळला, मैलभर नळ बदलावा लागला, अशा दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या नूतनीकरणाचे ते सदर होय. आपल्याकडचे अंदाजपत्रक याच ठिकाणी आंधळे असते. रोजच्या खर्चाला तरतूद असते, नव्या योजनेला वरून अनुदान येते. मधल्याला मायबाप नसतात. सरकारकडून नवी योजना मिळते पण जुनीची दुरुस्ती मिळत नाही, हे एकदा ध्यानात आले की दुरुस्ती न करता योजना मरू देणे हेच कारभाराच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते, आणि पंधरा वर्षांनी त्याच टाकीशेजारी दुसरी टाकी व दुसरी कोनशिला उभी राहते.

हे गणित आपल्या अभियंत्यांना ठाऊक नव्हते असे मात्र नाही. पंपाने पाणी वर चढवणाऱ्या नलिकेचा व्यास किती ठेवावा, हे ठरवताना सार्वजनिक कामांच्या खात्यातील कनिष्ठातील कनिष्ठ अभियंताही एक कोष्टक मांडतो. बारीक नळ स्वस्त, पण त्यातून पाणी ढकलायला वीज फार. जाड नळ महाग, पण घर्षण कमी. व्यास पाचव्या हिश्श्याने वाढवला तर घर्षणाने होणारी दाबाची हानी निम्म्याहूनही खाली येते. तेव्हा तीस वर्षांच्या विजेचे आजचे मूल्य काढून ते नळाच्या किमतीत मिळवायचे, आणि ज्या व्यासाला बेरीज सर्वांत कमी भरेल तो ‘किफायतशीर व्यास’ धरायचा, हा पाठ प्रत्येक पाणीपुरवठा-पुस्तिकेत असतो. नवल वाटते ते याचे, की एका नळापुरता जो विवेक केला जातो तो सबंध योजनेला लागू होत नाही. व्यास आजन्म खर्चावर ठरतो, आणि तो नळ कोणाकडून घ्यायचा हे मात्र सर्वांत कमी दराच्या निविदेवर ठरते.

मुंबईचे उदाहरण येथे सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण तिच्या पाण्याला आता एकशे पासष्टांहून अधिक वर्षांचे आयुष्य लाभले आहे, आणि एवढ्या दीर्घ मुदतीत खर्चाचे खरे स्वरूप लपून राहत नाही. हेन्री कॉनीबिअर याच्या योजनेनुसार विहार तलावाचे काम 1856 मध्ये सुरू झाले व 1860 मध्ये त्याचे पाणी नळांनी शहरात आले. पुढे 1879 मध्ये तुळशी, 1892 मध्ये तानसा, स्वातंत्र्यानंतर 1957 मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर, 1970च्या दशकात ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा, आणि 2014 मध्ये 102 मीटर उंचीची मध्य वैतरणा, अशी ही परंपरा शहराच्या वाढत्या तहानेबरोबर उत्तरेकडे सरकत गेली. मोडकसागराला नगर-अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव आहे. धरणाला मंत्र्याऐवजी अभियंत्याचे नाव मिळावे ही आपल्याकडे दुर्मीळ घटना, म्हणून तिची नोंद करून ठेवतो. आज दररोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी शहरात येते. त्यात विहार आणि तुळशी यांचा मिळून वाटा जेमतेम पावणेतीन टक्के; तरीही हे दोन वृद्ध तलाव निवृत्त झालेले नाहीत, कारण त्यांचे भांडवल केव्हाच फिटले असून त्यांच्या पाण्याला शहरापर्यंत यायला वाट फार नाही.

पण मुंबईचे खरे भाग्य उंचीत आहे. तानसा आणि वैतरणा यांचे पाणी शहापूरच्या डोंगरांतून शहराकडे बहुतांशी आपल्याच उताराने येते. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायचे तर शास्त्राप्रमाणे विजेचे पाव युनिटाहून थोडे अधिक लागते, आणि पंप व मोटार यांचे नुकसान धरले तर ते 0.4 युनिटाच्या घरात जाते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. त्याला दिवसाच्या कोट्यवधी लिटरांनी आणि वर्षाच्या 365 दिवसांनी गुणले म्हणजे कळते, की एकोणिसाव्या शतकातल्या ज्या लोकांनी दूरचे पण उंचावरचे पाणी निवडले, त्यांनी पुढच्या पाच पिढ्यांचे वीजबिल आधीच भरून ठेवले. भातसेचे पाणी मात्र पिसे येथे उचलावे लागते, आणि त्याचे बिल दरमहा येते.

गेल्या काही दशकांत मुंबई महापालिकेने जमिनीवरच्या जुन्या पोलादी नलिकांऐवजी खडकातून खोल बोगदे काढण्याचे धोरण धरले. बोगदा पहिल्या दिवशी महाग. पण त्याला गंज नाही, त्यावर झोपडी बसत नाही, त्याला कोणी भोक पाडून चोरून जोडणी घेत नाही. आजन्म हिशेबाने पाहिले तर हा निर्णय उत्तम होता असे माझे मत आहे. तथापि दीर्घायुषी वस्तूलाही तिचे असे दुखणे असते. गुंदवलीहून भांडुपला येणाऱ्या 15 किलोमीटर लांबीच्या बोगद्याला ठाण्यात एका विंधण विहिरीच्या खोदकामाने छिद्र पडले, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी 2023च्या मार्चअखेरीपासून महिनाभर मुंबईला पंधरा टक्के पाणीकपात सोसावी लागली. जमिनीखाली काय आहे याचा नकाशा विहीर खोदणाऱ्याच्या हाती नसणे, हाही एक खर्चच. तो कोणत्या वर्षी आणि कोणाच्या नावे पडेल एवढेच आधी सांगता येत नाही.

मलबार हिलवरील जलाशयाची कथा याहून बोधप्रद. फिरोजशहा मेहता उद्यानाच्या हिरवळीखाली 1880च्या दशकात बांधलेला हा जलाशय दक्षिण मुंबईला पाणी पुरवतो; वर फिरायला येणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण एका तलावाच्या छपरावर चालत आहोत याची कल्पनाही नसते. तो जीर्ण झाला म्हणून पाडून नवा बांधण्याची शेकडो कोटींची योजना पालिकेने आखली. वृक्षतोडीच्या विरोधात रहिवासी उभे राहिले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आतले कप्पे रिकामे करून पाहिले गेले, तज्ज्ञांत मतभेदही झाले. आणि अखेर पुनर्बांधणी मागे पडून दुरुस्तीचा विचार पुढे आला. झाडांचा प्रश्न निघाला नसता तर कप्प्यांत उतरून कोणी इतक्या बारकाईने पाहिले असते की नाही, याची मला शंका आहे. जीर्ण वास्तू नवी करावी की डागडुजीने पुढे न्यावी हा प्रश्न खरोखर हिशेबाचा आहे, आणि हिशेब मांडायचा तर आधी वास्तूची प्रकृती तपासली पाहिजे. आपल्या शहरांत बहुधा वय पाहिले जाते, प्रकृती नव्हे.

प्रकृती तपासण्याची सवय पूर्वी होती, असे जुन्या कामांकडे पाहून वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले, तेव्हा दगडी नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ ठेवले. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे आणि आत उतरून नळ साफ करायलाही ती जागा कामी येई. म्हणजे दुरुस्तीची वाट मूळ बांधणीतच होती. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी नगरास, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरास, जी नहर दिली तीही उताराने वाहणारी आणि वाटेत दगडी मनोरे असलेली. या कामांचे गुणगान करताना आपण बांधणाऱ्याचे नाव घेतो. मला कुतूहल आहे ते दरसाल आत उतरून गाळ काढणाऱ्यांचे आणि त्यांची तनखे-मजुरी कोणत्या खात्यातून पडत असे त्याचे. नहर शतकानुशतके चालली ती केवळ चुन्याच्या बळावर नव्हे.

त्याच नगराचे आजचे चित्र मन अस्वस्थ करणारे आहे. पाणी पैठणच्या नाथसागरातून, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवरून, चढ चढवून आणावे लागते. 1970च्या दशकातली 700 मिलिमीटर व्यासाची एक आणि 1990च्या दशकातली 1400 मिलिमीटरची दुसरी, अशा दोन नलिकांवर शहराने वर्षानुवर्षे दिवस काढले. वीज गेली की पंप थांबतो. पण नळातला पाण्याचा स्तंभ काही लगेच थांबत नाही, तो क्षणभर पुढे जातो आणि मग मागे फिरतो, आणि त्या आघाताने जुना सांधा निखळतो. नलिका फुटली की दुरुस्तीला काही तास, नळ भरायला काही तास, टाक्या भरायला आणखी काही, आणि गल्लीतल्या ज्या माणसाचे पाणी आज यायचे त्याचे परवा येते. म्हणजे दहा मिनिटांच्या वीजखंडाची किंमत शहर दोन दिवसांच्या तहानेने चुकवते. या दैन्यावर उपाय म्हणून 2020 मध्ये 1,680 कोटी रुपयांची नवी योजना सुरू झाली, आणि पुढे तिचा सुधारित अंदाज 2,740 कोटींवर गेला. विलंबाचे हे हजार-बाराशे कोटी आजन्म खर्चाच्या पुस्तकात ‘बांधकाम’ या सदरात पडतील; वास्तविक ते जुन्या नलिकांची वेळेवर काळजी न घेतल्याच्या आणि नव्या योजनेचा घोळ वर्षानुवर्षे घातल्याच्या सदरात पडायला हवेत.

पंपांचे गणितही एकदा जवळून पाहू. समजा, शंभर अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे 75 किलोवॉटचा एक पंप आहे, तो दिवसाला सोळा तास चालतो आणि विजेचा दर युनिटाला सात रुपये आहे. दिवसाला 1,200 युनिटे, वर्षाला चार लाख अडतीस हजार, म्हणजे साडेतीस लाख रुपयांची वीज. पंपाचे आयुष्य पंधरा वर्षे धरले तर साडेचार कोटींहून अधिक. खुद्द पंपाला दहा लाख पडले असे मानले, तर खरेदीच्या वेळी ज्या दोन-पाच टक्क्यांसाठी निविदेत ओढाताण झाली, ती रक्कम विजेच्या एका आठवड्यात जळून जाते. पंपाची कार्यक्षमता 75 टक्क्यांवरून 70वर घसरली, आणि पंखा झिजला की ती घसरतेच, तर वर्षाला दोन लाखांचा भुर्दंड. हा भुर्दंड कोणी खाल्लेला नसतो, म्हणून त्याची चौकशीही होत नाही.

येथे हिशेबशास्त्रातील एका चमत्कारिक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. पुढे होणाऱ्या खर्चाचे आजचे मूल्य काढताना व्याजाच्या दराने तो खाली आणावा लागतो. दर आठ टक्के धरला तर पन्नास वर्षांनी लागणारे शंभर रुपये आज दोन रुपये आणि काही पैसे ठरतात. चार टक्के धरला तर चौदा. म्हणजे नातवंडांच्या काळातील दुरुस्तीला आपण किती महत्त्व देतो, हे एका आकड्यात ठरते, आणि तो आकडा कोण, कोणत्या अधिकाराने निवडतो, हे अहवालाच्या परिशिष्टात बारीक टाइपात असते. आठ टक्क्यांच्या हिशेबाने तानसेचा दगडी बांध कधीच परवडला नसता. मी हिशेबनिसांची निंदा करीत नाही. व्याज हे खरेच असते. पण शंभर वर्षे टिकणाऱ्या कामाची निवड ज्या तराजूत शंभर वर्षांना वजनच नाही अशा तराजूवर करायची, यात काहीतरी चुकते आहे, एवढे सामान्य बुद्धीलाही दिसते.

आता पालिकेच्या वहीतून बाहेर येऊन घराच्या वहीकडे वळू. मी ज्या तालुक्याच्या गावी वाढलो तेथे पाणी दिवसाआड येई, आणि ते सोडणाऱ्या माणसाला सारे गाव ‘चावीवाला’ म्हणे. पहाटे चार वाजता सायकलला लोखंडी टी अडकवून तो निघे, रस्त्यातले झाकण उचलून ती टी आत उतरवी आणि मोजून फेरे देई: आमच्या पेठेला बावीस, कुंभारवाड्याला चौदा, कारण तिकडे उतार. हे फेरे कोठेही लिहिलेले नव्हते. एकदा मी त्याला विचारले की नकाशा नाही का, तेव्हा त्याने हसून सांगितले की कचेरीत आहे, पण त्यात जो नळ सरळ दाखवला आहे तो खोदताना वाटेत वड आला म्हणून वळवला होता. तो निवृत्त झाला त्या वर्षी दोन पेठांत महिनाभर पाण्याचा गोंधळ चालला. माणसाच्या डोक्यात असलेली ही मालमत्ता कोणत्याही ताळेबंदात धरलेली नव्हती, म्हणून ती गेल्याची नोंदही झाली नाही.

दिवसाआडच्या पाण्याला आपण काटकसर समजतो. वस्तुस्थिती उलट आहे. नळ दर पाळीला भरतो आणि दर पाळीला रिकामा होतो; भरताना आतली हवा मीटर फिरवते आणि सांधे हलवते, रिकामा होताना आत पोकळी होऊन शेजारच्या गटाराचे पाणी सांध्यातून आत ओढले जाते. पाणी दोनच तास यायचे म्हणून सर्वांना एकाच वेळी हवे असते, म्हणून नळ जाड लागतात, आणि दाब पुरत नाही म्हणून जो तो नळाला टिल्लू पंप लावून शेजाऱ्याचे पाणी ओढतो. मग प्रत्येक घरी जमिनीखाली हौद, गच्चीवर काळी टाकी, मोटार, स्वयंपाकघरात शुद्धीकरणाचे यंत्र, आणि मे महिन्यात टँकर. हा सारा खर्च शहराच्या पाणीयोजनेचाच आहे. तो फक्त पालिकेच्या तिजोरीऐवजी घरोघरच्या खिशातून गेला. मुंबईत सामान्य घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला सहा-साडेसहा रुपयांच्या आसपास आहे. तेच हजार लिटर टँकरने घेतले तर शंभर-दीडशे रुपयांना सहज पडतात. पाणीपट्टी पाच टक्क्यांनी वाढवण्याचा ठराव आला की सभागृह दणाणून जाते, आणि तेच सभासद घरी जाऊन टँकरवाल्याला मुकाट्याने पैसे मोजतात.

या चक्रातून बाहेर पडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही, आणि सर्वांत लक्षणीय प्रयत्न एखाद्या महानगराने केला नसून कऱ्हाडशेजारच्या मलकापूर या लहानशा गावाने केला. तेथे चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर, आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर, अशी व्यवस्था 2009च्या सुमारास लागू झाली. पाणी सतत असले की लोक वाटेल तसे उधळतील ही भीती तेथे खोटी ठरली. पाणी केव्हाही मिळते म्हटल्यावर साठवून सकाळी ओतून देण्याचे कारणच उरत नाही. नागपुराने धरमपेठेतील प्रायोगिक कामानंतर 2012 पासून सबंध शहरासाठी खाजगी भागीदारीने हाच मार्ग धरला. तेथे वाद झाले, दराबद्दल तक्रारी झाल्या, आणि सर्व वस्त्यांना चोवीस तास पाणी हे उद्दिष्ट नियोजित मुदतीत गाठता आले नाही. गाव लहान आणि उगम जवळ असताना जे सोपे असते ते महानगरात तसे नसते, हे मान्य केले पाहिजे. तरीही कंत्राट पंचवीस वर्षांचे असल्याने जो नळ टाकतो त्यालाच तो पुढे सांभाळायचा आहे, हे त्यातले तत्त्व मला महत्त्वाचे वाटते; सांभाळणारा सरकारी की खाजगी, हा वाद त्यानंतरचा.

टिकाऊपणाची कसोटी दुष्काळात लागते. 2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. एप्रिलमधील पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटरांच्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी 25 लाख लिटर नेऊ लागली. रेल्वेच्या लोकांनी ते काम ज्या तडफेने केले त्याला तोड नाही. पण काही लाख वस्तीच्या शहराला पंचवीस लाख लिटर म्हणजे माणशी पाच-सहा लिटर. लातूरकडे एकच उगम होता आणि त्या उगमाच्या वरच्या अंगाला ऊस होता, ही गोष्ट अंदाजपत्रकात कोठे मांडायची हे अजून आपल्याला उमगलेले नाही.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आपली शहरेही त्याबद्दल थोडक्यातच विचार करतात. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के गटारात जाते असे गृहीत धरतात. म्हणजे पाणी आणण्याचा खर्च मांडून ते नेण्याचा न मांडणे हा अर्धाच हिशेब. विहारचे पाणी मुंबईत आले तेव्हा ते वाहून नेणारी पुरेशी गटारे नव्हती, आणि ही मागाहून धावण्याची रीत आपण अद्याप सोडलेली नाही. नागपूरने भांडेवाडीचे 130 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची व्यवस्था केली, त्यामुळे पेंचचे तेवढे गोडे पाणी वाचले, आणि नाल्यात गेले असते त्या पाण्याला गिऱ्हाईक मिळाले. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मुंबईपुढे सध्या जो पेच आहे त्यात हे सारे प्रश्न एकत्र येतात. एक मार्ग पालघर जिल्ह्यातील गारगाई धरणाचा: दररोज 440 दशलक्ष लिटर, पाणी उताराने येणारे, वीज अत्यल्प, पण अभयारण्यातील लाखो झाडे आणि काही आदिवासी पाडे पाण्याखाली. दुसरा मार्ग मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा: आरंभी 200 दशलक्ष लिटर, झाड तोडायला नको, पाऊस पडो न पडो पाणी हमखास. पण खाऱ्या पाण्यातून गोडे काढायला हजार लिटरला तीन ते चार युनिटे वीज लागते, म्हणजे दररोज सहा ते आठ लाख युनिटे, आणि ही वीज आज बव्हंशी कोळशातून येते. एकात जंगल येथे बुडते, दुसऱ्यात ते कोळशाच्या खाणीजवळ कोठेतरी जाते. महापालिकेचे मन या दोन मार्गांमध्ये एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुकले आहे, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही.

दोष द्यायचा तर तिसऱ्या मार्गाबद्दल. शहरात येणाऱ्या पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पाण्याचा हिशेब लागत नाही. काही गळते, काही चोरीस जाते, काही मोजलेच जात नाही. हा चौथा हिस्सा साडेनऊशे दशलक्ष लिटरांच्या पुढे जातो, म्हणजे गारगाईच्या दुपटीहून अधिक. तो सगळा परत मिळेल असे नव्हे, कारण त्यातले पुष्कळसे पाणी शेवटी कोणीतरी पितोच. पण जे खरोखर मातीत जिरते ते शोधण्याची रीत अगदी साधी आहे. रात्री दोनच्या सुमारास, रहदारी थांबल्यावर, कामगार एक लांब लोखंडी सळई नळावर किंवा चावीवर टेकवतो आणि दुसरे टोक कानाला लावतो. पाणी सरळ जात असेल तर मंद सळसळ, सांध्यातून निसटत असेल तर बारीक शिटीसारखा आवाज. अनुभवी कानाला हातभर अंतरात जागा सांगता येते. नवी यंत्रेही आली आहेत, पण यंत्राने दाखवलेल्या जागेवर कुदळ मारण्यापूर्वी जुना माणूस सळई लावून पाहतोच. या कामाला भूमिपूजन लागत नाही आणि ते संपल्यावर उद्घाटनही करता येत नाही.

आणि एक खर्च असा आहे की तो कोणत्याच पद्धतीच्या हिशेबात बसत नाही. तानसा, वैतरणा आणि भातसा या तिन्ही नावांशी ज्याचा संबंध येतो त्या शहापूर तालुक्यात पाऊस धो धो पडतो, आणि मे महिन्यात तेथल्या पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्या बाजूने जाताना एका वळणावर आम्ही गाडी थांबवली. पुरुषभर उंचीची मोठी नलिका रस्त्याला समांतर गेली होती; तिच्या वरची हवा सोडण्याची झडप किंचित गळत होती, आणि तिच्याखाली हंडे-कळश्यांची रांग लागली होती. एक बाई लुगड्याच्या पदराची वळकटी झडपेखाली धरून धार हंड्यात उतरवीत होती; म्हणजे शिंतोडे उडून वाया जात नाहीत, असे तिने सांगितले. हंडा भरायला किती वेळ लागतो, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘दादा, सावली त्या दगडापातूर जाईस्तोवर.’’ शहराच्या हिशेबात ते पाणी गळतीच्या सदरात पडते.